देवनगरींतील एक सत्र

आमच्या घरांतून आजवर परदेशीं गेलेलीं माणसें बहुतेक पश्चिमेकडेच गेलीं. धाकटा भाऊ अमेरिकेंत, पुतण्या जर्मनींत, भाची इंग्लंडांत. त्यामुळें २०२४ च्या चैत्रांत, रात्रीचीं जेवणें चालू असतां, "मी एका सत्रासाठीं बँकॉकला शिकावयास जाणार आहें," असें माझ्या नातीनें सांगितलें, तेव्हां पंक्तींत कोणी कांहींच बोललें नाहीं. बँकॉक म्हटलें कीं आपल्याकडे लोक एकमेकांकडे पाहून हंसतात. चार मित्रांनीं मिळून मौजेला जाण्याचें ठिकाण, एवढीच त्या शहराची आपल्याकडील कीर्ति. तेथें मोठीं विद्यापीठें आहेत, आणि तेथें पुण्याची मुलगी शिकावयास जाऊं शकते, ही गोष्ट सूनबाईंच्या गळीं उतरण्यास दोन महिने लागले.

ही व्यवस्था काय असते तें थोडक्यांत सांगतों. दोन विद्यापीठें आपसांत करार करतात. येथील विद्यार्थी आपली नेहमींची फी येथेंच भरतो आणि एक सत्र किंवा एक वर्ष तिकडच्या वर्गांत बसतो. त्याच करारान्वयें तिकडचा विद्यार्थी इकडे येतो. विमानाचा आणि राहण्याजेवणाचा खर्च ज्याचा त्यानें करावयाचा. तिकडे मिळविलेले श्रेयांक येथील पदवींत धरले जातात. 'धरले जातात' असें लिहिलें खरें, पण त्यांत एक मेख आहे. ती पुढें येईल.

मीं मात्र पहिल्याच दिवशीं नातीची बाजू घेतली. याचें कारण तिचें हित नसून माझा अभिमान होता, हें आतां कबूल करावयास हरकत नाहीं. मी जुन्या अकरावीचा मॅट्रिक. विद्यापीठाची पायरी चढण्याचा योग आला नाहीं. पण पाठशाळेंत कौमुदी घोकली होती आणि पुढें जन्मभर मुलांना संस्कृत शिकविलें. नात ज्या विद्यापीठांत जाणार होती त्याचें नांव चुलालोंगकोर्न. तें ऐकतांच मीं ओळखलें कीं हें 'चूडालंकरण'! त्या नांवाचा सयामचा राजा १८७२ सालीं, वयाच्या अठराव्या वर्षीं, हिंदुस्थान पाहण्यास आला होता आणि त्या प्रवासांत त्यानें आपली मुंबईही पाहिली होती. त्याचा मुलगा वज्रायुध यानें १९१७ सालीं वडिलांच्या नांवानें हें विद्यापीठ स्थापिलें. मीं सूनबाईंना म्हटलें, "अहो, ती परक्या देशांत कोठें जात आहे? ती आजोळींच चालली आहे असें समजा." आणि नातीसाठीं एक वही तयार केली. तींत थाई भाषेंतले तीनशें शब्द, त्यांचें मूळ संस्कृत रूप आणि अर्थ सुवाच्य अक्षरांत लिहून दिले. ही शिदोरी असतां तिचें काय अडणार, अशी माझी समजूत होती.

वहीला आधार नव्हता असें नव्हे. बँकॉक हें नांव परक्यांच्या तोंडचें. तेथील लोक आपल्या शहराला 'क्रुङ् थेप' म्हणतात, आणि त्यांतला थेप म्हणजे आपला देव. जुनी राजधानी अयुथ्या, म्हणजे अयोध्या, ब्रह्मी सैन्यानें १७६७ सालीं जाळून उद्ध्वस्त केली. त्यानंतर पंधरा वर्षांनीं, १७८२ सालीं, चक्री घराण्याच्या पहिल्या राजानें नदीच्या पूर्वतीरावर ही नगरी वसविली. तिचें संपूर्ण नांव जगांतील सर्वांत लांब स्थलनाम म्हणून प्रसिद्ध आहे. त्यांत अमर आहे, रत्न आहे, इंद्र आहे, अयोध्या आहे, नवरत्न-राजधानी आहे. आणि शेवटीं ही नगरी शक्रानें दिली व विश्वकर्म्यानें उभारली असेंही त्या नांवांतच सांगितलें आहे. विमानतळ २००६ सालीं झाला, तो 'सुवर्णभूमि'. आणि त्याच्या प्रस्थानगृहांत समुद्रमंथनाचा केवढा तरी देखावा मांडला आहे. वासुकि, देव, दानव, सर्व मंडळी तेथें हजर. आपल्या मुंबईच्या विमानतळावरही मीं असें कांहीं पाहिलें नाहीं!

ऑगस्टांत नात गेली. पहिलें पत्र (मोबाईलवर येणारा मजकूर मी पत्रच समजतों) असें आलें: "आजोबा, तुमची वही वाचतां येते, पण बोलतां येत नाहीं." झालें होतें असें. थाई लोक संस्कृत शब्द लिहितांना मूळचीं अक्षरें निष्ठेनें जपतात. श, ष, स हे तिन्ही त्यांच्या लिपींत वेगवेगळे आहेत, पण तिन्हींचा उच्चार एकच, स. शेवटचीं अक्षरें लिहितात आणि त्यांच्या डोक्यावर एक चिन्ह देऊन तीं मुकीं करतात. त्या चिन्हाचें नांव काय असावें? 'थंथखात', म्हणजे दंडघात! शाळामास्तराच्या छडीनें गप्प बसविलेलें अक्षर. शास्त्र लिहावयाचें आणि 'सात' म्हणावयाचें. शिवाय भाषेला पांच स्वरभेद. 'खाव' हा एकच उच्चार स्वर बदलतांच भात, बातमी किंवा पांढरा असा निरनिराळा अर्थ देतो. आमच्याकडे वेदपठणांत स्वर चुकला तर अनर्थ होतो अशी कथा आहे. तिकडे बाजारांत भात मागतांनाच तो प्रसंग येतो.

पण उच्चारापेक्षां अर्थानें जास्त फसविलें. आपण महाविद्यालय म्हणतों तें कॉलेज; तेथें 'महाविद्यालय' म्हणजे विद्यापीठ. 'करुणा' हा शब्द जागोजाग पाट्यांवर दिसतो, पण तेथें त्याचा अर्थ 'कृपया' इतकाच: करुणा, पादत्राणें काढावीं. 'संज्ञा' म्हणजे करारनामा. खोलीच्या भाड्याच्या कागदावर तोच शब्द होता. 'संसार' म्हणजे एखाद्याची कींव येणें. (हा अर्थ माझ्या सौभाग्यवतींना फार पटला.) 'वासना' म्हणजे सद्भाग्य, आणि तें मुलींचें नांव म्हणून सर्रास ठेवतात, आपल्याकडे कोणी ठेवून पाहावें! आणि 'सुखा' अशी पाटी पाहून माझी नात जेथें जाऊन उभी राहिली, तें शौचगृह निघालें.

गंमत म्हणून हें सर्व चाललें होतें तोंवर ठीक होतें. सप्टेंबरच्या मध्यापासून तिचीं पत्रें तोकडीं होऊं लागलीं, आणि मोबाईलवर तिचा चेहरा दिसे तो उतरलेला. वसतिगृहांत स्वयंपाकाची सोय नव्हती. आमच्या वहींत 'मांसविरति' हा शब्द होता. शाकाहाराला थाई भाषेंत खरोखर हाच शब्द आहे, 'मङ्सविरत'. रस्त्यावरच्या गाडीवालीला ती तो शब्द म्हणे, गाडीवाली हंसून मान डोलावी, आणि ताटांत मांस नसे. पण 'नाम प्ला' असे. नाम प्ला म्हणजे मासळी मिठांत मुरवून काढलेलें पाणी. आपण मीठ घालतों तसें तेथें तें पडतें, आणि तें मांसांत मोडतें असें पुष्कळांच्या गांवींही नसतें. दुसरी वस्तु कोळंबीचा खारवलेला गोळा. तिचें नांव 'कपि'. माझ्या वहींत कपि म्हणजे माकड असें लिहिलें होतें! हा शब्द मुळीं संस्कृत नव्हेच. मीं तो केवळ नादावरून घुसडला होता. ताटांतला वास ओळखूं येऊं लागल्यावर पोरीनें गाडीवरचें जेवणच सोडलें. फळें, दूध, पाव यांवर तीन आठवडे काढले आणि शेवटीं ज्वर आला. चार दिवस शेजारच्या खोलींतील थाई मुलींनीं तिला भाताची पेज करून आणून दिली, हें तिनें आम्हांला ज्वर उतरल्यावर कळविलें.

सूनबाई मला एवढेंच म्हणाल्या, "मामंजी, आजोळीं मुलगी उपाशी राहते होय?" त्यावर माझ्यापाशीं उत्तर नव्हतें. घटस्थापनेच्या रात्रीं ठरलें कीं चिरंजिवांनीं आणि मीं जावें, आणि प्रकृति बरी दिसली नाहीं तर तिला परत घेऊन यावें; सत्र बुडालें तरी बुडो. मेतकूट, भाजणी, लिंबाचें गोड लोणचें आणि डाळीच्या पिठाचे लाडू बांधून ४ ऑक्टोबरला आम्ही निघालों. चार-साडेचार तासांचा तर प्रवास. तेथील घड्याळ आपल्यापुढें दीड तास. वाटेत चिरंजीव माझ्याशीं फारसें बोलले नाहींत.

नात विमानतळावर आली होती. वाळली होती खरी. पांढरा सदरा आणि काळा झगा, असा तेथील विद्यापीठांतल्या मुलींचा गणवेश असतो. त्यांत ती आणखीच लहान दिसत होती. पण आम्हांला पाहतांच तिनें जें पहिलें वाक्य उच्चारलें तें असें: "आजोबा, कालपासून मी पोटभर जेवत आहें."

तो प्रकार आम्हीं त्याच संध्याकाळीं पाहिला. जुन्या चिनी पेठेच्या मुख्य रस्त्याचें नांव यावरात, म्हणजे युवराज. त्या युवराजमार्गावर हजारों पिवळीं निशाणें लागलीं होतीं, आणि प्रत्येकावर तांबड्या रंगांत एकच अक्षर, 'चे'. हा शब्द मूळचा चिनी. अर्थ व्रत, संयम. चिनी पंचांगाच्या नवव्या महिन्यांतले पहिले नऊ दिवस हें व्रत चालतें, आणि २०२४ सालीं तें बरोबर आमच्या नवरात्राच्याच प्रतिपदेला, ३ ऑक्टोबरला, सुरू झालें होतें. या व्रतांत मांस नाहीं, मासळी नाहीं, अंडें नाहीं, दूधही नाहीं. आणि ऐका, कांदा नाहीं, लसूण नाहीं! नाम प्ला अर्थात् वर्ज्य. हा नियम फक्त चिनी वंशाचे लोक पाळतात असें नाहीं. थाई गिऱ्हाइकांचीही त्या गाड्यांभोंवतीं झुंबड होती. चातुर्मासांत आमच्या घरीं जें पाळतात त्याहून कडक व्रत, रस्त्यावर, लोखंडी कढईंत, धुरांत आणि गर्दींत चाललेलें पाहून मी थक्क झालों.

नातीनें खुलासा केला कीं चे-भोजनाचीं दुकानें नऊ दिवसांनंतरही संपत नाहींत. त्या पिवळ्या निशाणाचीं थोडीं दुकानें शहरांत बारा महिने असतात, तीं तिला आतां ठाऊक झालीं. विद्यापीठाजवळच्या ज्या गाडीवालीकडे ती पूर्वीं 'मांसविरति' म्हणून फसत होती, तिच्याकडे 'चे' हा शब्द उच्चारतांच त्या बाईंनीं वेगळी कढई काढली. माझ्या तीनशें शब्दांच्या वहीनें पोरीला उपाशी ठेवलें, आणि एका चिनी अक्षरानें जेवूं घातलें. त्या रात्रीं मीं वही तिच्याकडून परत मागितली. तिनें दिली नाहीं. "अजून काम व्हायचें आहे तिचें," म्हणाली.

तिला परत नेण्याचा विषय चिरंजिवांनीं दुसऱ्या दिवशीं काढलाच नाहीं. मग आम्ही शहर पाहिलें. कालव्यांतून धांवणारी नाव, जिच्यांत उडणाऱ्या घाण पाण्यापासून बचावासाठीं उतारूंनीं आपल्या हातानें प्लास्टिकचा पडदा ओढून धरावयाचा. १९९९ सालीं सुरू झालेली, रस्त्याच्या डोक्यावरून जाणारी आगगाडी. आणि त्या स्टेशनावर संध्याकाळीं ठीक सहा वाजतां राष्ट्रगीत लागतांच जागच्या जागीं उभी राहिलेली ती सारी गर्दी. राजघराण्याविषयीं तेथें बोलावयाचें नाहीं, हा धडा परदेशी विद्यार्थ्यांना पहिल्याच दिवशीं देतात. त्या अपराधाला तीन ते पंधरा वर्षें कैद आहे.

पाचूच्या बुद्धाच्या मंदिराभोंवतीं 'रामकियेन', म्हणजे तेथील रामायण, १७८ भित्तिचित्रांत रंगविलेलें आहे. तें पाहत असतां माझी जीभ मोकळी सुटली. हा दशकंठ, हा आमचा; हा इंद्रजित, हा आमचा. मग मारुतिराय एका मत्स्यकन्येशीं प्रेमालाप करतांना दिसले आणि मी थबकलों. तेथील हनुमान ब्रह्मचारी नाहीं. त्याच्या बऱ्याच बायका आहेत, आणि लोकांचा तो आवडता आहे तो त्याच्या त्या रसिकतेसह. मी म्हणालों, "यांनीं आमच्या मारुतीचें हें काय करून ठेवलें!"

बरोबर नातीची एक थाई मैत्रीण होती. तिला अर्थ कळला नसावा, पण सूर कळला. नात हलक्या आवाजांत मला म्हणाली, "आजोबा, रागावूं नका. पण एखादा इराणी गृहस्थ पुण्याला आला आणि तुमच्यासमोर म्हणूं लागला कीं सरकार हा शब्द आमचा, कागद आमचा, दुकान आमचें, जमीन आमची, शाई आमची, आणि तुम्हीं मराठी लोकांनीं आमच्या शब्दांचें हें काय करून ठेवलें, तर तुम्ही त्याला चहा तरी पाजाल का?"

मी चाळीस वर्षें शिक्षक होतों. निरुत्तर होण्याचे प्रसंग मला फार आले नाहींत. हा आला. आमच्या लहानपणीं 'बृहत्तर भारत' ही कल्पना मोठी होती. त्याच नांवाची एक विद्वत्सभा कलकत्त्यास १९२६ सालीं स्थापन झाली होती, आणि वडिलांच्या संग्रहांतलीं त्या पठडींतलीं पुस्तकें वाचूनच मी वाढलों. आम्ही देणारे, ते घेणारे. नात त्या सत्रांत आग्नेय आशियाचा इतिहास शिकत होती. तिच्या टिपणांत तेथील राजांनीं काय निवडून घेतलें, काय नाकारलें, काय बदललें, याची चर्चा होती. आणि हिंदुस्थानासाठीं पहिल्या आठवड्याचें एक व्याख्यान. एकच! प्रथम मला तें लागलें, हें लपवीत नाहीं.

६ ऑक्टोबरला सकाळीं ती आम्हांला नदीकांठच्या दुसऱ्या एका विद्यापीठांत घेऊन गेली. त्याचें नांव थम्मसात, म्हणजे धर्मशास्त्र. आमच्या घरीं धर्मशास्त्र म्हणजे तिथिनिर्णय आणि सुतकाचे दिवस. तेथें त्या शब्दाचा अर्थ कायदा. १९३४ सालीं, राजसत्ता मर्यादित झाल्यानंतर दोनच वर्षांनीं, सामान्य माणसाला कायदा आणि राज्यकारभार शिकतां यावा म्हणून प्रीदि फनोमयोंग यांनीं तें काढलें. १९७६ सालीं याच तारखेला त्याच आवारांत विद्यार्थ्यांवर गोळीबार झाला. सरकारी आंकड्याप्रमाणें ४६ माणसें मेलीं, आणि खरा आंकडा त्याहून बराच मोठा असल्याचें मानतात. दरवर्षीं त्या दिवशीं तेथें फुलें वाहतात. नातीच्या वयाचीं मुलें रांगेंत उभीं होतीं; तीही त्यांच्यांत जाऊन उभी राहिली. त्या आवारांत मीं कोणताही शब्द कोठून आला तें सांगितलें नाहीं.

वर्गांतल्या गोष्टी तिनें रात्रीं सांगितल्या. जपानी, फ्रेंच, कोरियन मुलें तिच्यासारखींच सत्रासाठीं आलेलीं. थाई मुलें मात्र शिक्षकांपुढें सहसा तोंड उघडीत नाहींत. दुसऱ्याला आपला त्रास होऊं नये, त्याचें मन मोडूं नये, म्हणून मागें सरण्याच्या वृत्तीला त्यांच्यांत 'क्रेङ् चाय' म्हणतात. मीं म्हटलें, ही तर भीड. नात म्हणाली, "भीडच, पण तिची त्यांना लाज वाटत नाहीं, अभिमान वाटतो." गाडीवाली मासळीच्या पाण्याविषयीं स्पष्ट बोलली नाहीं, आणि नातीनें तीन आठवडे कोणाला कांहीं सांगितलें नाहीं, या दोहोंचें मूळ मला तेथें सांपडलें, नातीपुरता दोष आमच्या घरच्या वळणाचाही असावा.

एक गोष्ट मात्र मीं तिला दोनदां सांगावयास लावली. सत्राच्या आरंभीं तेथें गुरुवंदन होतें, तें गुरुवारीं. त्या वाराला ते बृहस्पतीचेंच नांव देतात. विद्यार्थी गुरूपुढें जें ठेवतात त्यांत हरळी असते, म्हणजे आपल्या दूर्वाच, लाह्या असतात, आपल्या बागांतून दिसतात ते एक्झोऱ्याचे गुच्छ, सुईसारख्या कळ्यांचे, बुद्धि तीक्ष्ण व्हावी म्हणून, आणि वांग्याचीं फुलें, कारण तीं खालीं मान घालतात. विद्यापीठांतल्या शिक्षकाला साधारणपणें 'आचान' म्हणजे आचार्य म्हणतात, आणि शाळामास्तराला 'ख्रू'. ख्रू म्हणजे गुरु. विद्यापीठाचे ते आचार्य, आणि गुरु हा शब्द त्यांनीं शाळेसाठीं राखून ठेवला! या एका शब्दापुरता मी पुन्हां जुन्या रोगानें पछाडलों, आणि नातीनेंही मला अडविलें नाहीं.

दसऱ्याच्या आंत आम्ही दोघे परतलों, आणि ती डिसेंबरांत सत्र पुरें करून आली. आतां ती मेख. तिकडे उत्तीर्ण झालेल्या एका विषयाचे श्रेयांक येथील कचेरीनें मान्य केले नाहींत. विषयाचें नांव जुळत नाहीं म्हणे. तो विषय तिला येथें पुन्हां द्यावा लागला. ज्यांच्या घरून कोणी जाणार असेल त्यांनीं तिकडे घ्यावयाचा प्रत्येक विषय येथें कशाच्या बदली धरणार, हें निघण्यापूर्वीं सहीशिक्क्यानिशीं लेखी घ्यावें. तोंडी होकारावर जाऊं नये. आणि मध्येंच सुट्टींत शेजारच्या देशांत जावयाचें असेल तर परतण्याचा परवाना आधीं काढावा, नाहीं तर शिक्षणासाठीं मिळालेला व्हिसा तेथेंच संपतो. तिच्या वसतिगृहांतला एक मुलगा असा अडकला होता.

वही तिनें परत आणली आहे. माझ्या तीन रकान्यांपुढें तिनें तांबड्या शाईनें चौथा रकाना पाडला आहे, 'तेथील अर्थ'. आणि 'कपि' वर काट मारली आहे. शेवटच्या पानावर तिनें स्वतः एक शब्द घातला आहे, जो माझ्या तीनशेंत नव्हता: निसित. त्या विद्यापीठांत विद्यार्थ्याला हाच शब्द आहे. मूळ पालि 'निस्सित', म्हणजे आश्रयाला राहिलेला.

आतां करारान्वयें तिकडची मुलगी इकडे यावयाची आहे. ज्वरांत पेज करून देणाऱ्यांपैकींच एक. येत्या पावसाळ्यांत येईल, आणि वसतिगृहांत जागा मिळेपर्यंत आमच्याकडे उतरेल. तिला आपला वरणभात चालेल का, याची चर्चा आमच्या स्वयंपाकघरांत महिनाभर चालू आहे. नातीचें म्हणणें, चालेल, पण चार दिवसांनीं तिला नाम प्लाची आठवण येईल, आणि भिडेखातर ती तोंडानें बोलणार नाहीं. ती बाटली पुण्यांत मिळते, असा शोध सूनबाईंनींच लावला. प्रश्न उरला होता ती ठेवावयाची कोठें. तो सौभाग्यवतींनीं काल सोडविला: देवघराच्या बाजूला नको, मागच्या सज्जांतल्या कपाटांत ठेवावी, आणि तिच्यासाठीं एक वेगळी कढई घ्यावी.